यंत्र निवडण्यापूर्वी जागा मोजा

“बाबा, घमेल्यांनी शेण उपसण्याचे दिवस आता गेले. गोठ्यासाठी एक स्किड स्टिअर घेऊन टाकू या.”

“अरे, अंगणात ट्रॅक्टर उभा आहे. त्यालाच पुढे लोडर बसवला, तर काय बिघडले? त्याने नांगरटही होते नि शेणही उचलले जाते.”

ज्या घरांत दुभती जनावरे वाढली आहेत आणि कामाला माणूस मिळेनासा झाला आहे, तेथे असा संवाद एकदा तरी होतोच. मुलगा पुढचे पाहतो आणि वडील मागचे, असे बाहेरच्या माणसाला वाटते. वस्तुतः तसे नाही. मुलाच्या डोळ्यांसमोर गोठा आहे आणि वडिलांच्या डोळ्यांसमोर सगळे शेत आहे. दोघेही खरे बोलत आहेत. परंतु दोघेही यंत्राविषयी बोलत आहेत, आणि ज्या जागेत ते यंत्र चालायचे त्या जागेविषयी अद्याप कोणी बोललेले नाही. या वादाचा निर्णय यंत्राच्या ताकदीवरून लागत नाही. तो जागेवरून आणि कामाच्या मापावरून लागतो. चुकीचा लागला, तर वर्षानुवर्षे कर्जाचे हप्ते भरावे लागतात, आणि कधी त्याहूनही मोठी किंमत मोजावी लागते. म्हणून, वाचकहो, हा विषय जरा सावकाशीने पाहू.

दुमजली खुराड्याची गोष्ट

स्किड स्टिअर हे यंत्र जन्मास कसे आले, हे समजले म्हणजे ते कोणत्या कामाचे आहे हेही आपोआप समजते.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाचे एक लहान गाव आहे. तेथे सिरिल आणि लुई केलर या दोन भावांचे वेल्डिंगचे आणि दुरुस्तीचे दुकान होते. १९५६ साली एडी व्हेलो नावाच्या शेतकऱ्याने त्यांच्यापुढे आपली अडचण मांडली. तो टर्की पाळीत असे. टर्की म्हणजे कोंबडीहून पुष्कळ मोठा पक्षी. त्याची विष्ठा आणि खालचे अंथरूण ठरावीक काळाने उपसून काढावे लागते. व्हेलोचे पक्षिगृह दुमजली होते आणि आत छपराला आधार देणारे खांब होते. ट्रॅक्टर आत नेला, तर त्या खांबांमधून तो वळत नसे. आणि वरच्या मजल्याच्या फळ्यांना त्याचे वजन पेलणे शक्य नव्हते. तेव्हा वरच्या मजल्यावर चढवता येईल इतके हलके आणि खांबाभोवती फिरेल इतके लहान यंत्र त्याला हवे होते.

केलर बंधूंनी आपल्या दुकानातच ते बनवले आणि १९५७ च्या फेब्रुवारीत व्हेलोच्या हवाली केले. त्याला पुढे दोन चालती चाके होती आणि मागे, सरकत्या खुर्चीच्या पायाला असते तसे, सर्व दिशांना फिरणारे एक लहान चाक होते. डावे चाक एका दिशेने आणि उजवे दुसऱ्या दिशेने फिरवले की यंत्र जागच्या जागी गिरकी घेई. पुढे १९५८ साली उत्तर डकोटा राज्यातील ग्विनर येथील मेलरो कंपनीने ही कल्पना आपल्याकडे घेतली, आणि त्याच वर्षी मिनेसोटाच्या राज्य मेळ्यात हे यंत्र लोकांपुढे मांडण्यात आले. १९६० मध्ये मागचे फिरते चाक काढून तेथे दोन चालती चाके बसवण्यात आली, आणि आज आपण पाहतो तो चार चाकांचा स्किड स्टिअर तयार झाला. १९६२ पासून कंपनीने त्याला ‘बॉबकॅट’ हे नाव दिले. पुढे २०२३ साली केलर बंधूंची नावे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानयादीत घालण्यात आली. तेव्हा दोघेही हयात नव्हते.

या गोष्टीतला बोध असा, की केलर बंधूंनी “किती ताकदीचे यंत्र करू?” या प्रश्नाने आरंभ केला नाही. दार किती रुंद आहे, दोन खांबांत अंतर किती आहे, आणि जमीन किती वजन पेलते, हे त्यांना आधी पाहावे लागले. यंत्र त्यानंतर आले. आपणही विकत घेताना हाच क्रम पाळावा.

नावांचा घोटाळा

पुढे जाण्यापूर्वी एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे माती उचलणारे कोणतेही पिवळे यंत्र दिसले, की लोक त्याला ‘जेसीबी’ म्हणतात. वास्तविक ते एका इंग्रज कंपनीचे नाव आहे, आणि आपण रस्त्यावर पाहतो ते तिचे प्रसिद्ध यंत्र म्हणजे बॅकहो लोडर होय. त्याला पुढे रुंद बकेट आणि मागे खणणारा हात असतो. विहिरीचा गाळ, चर, पाया यांसाठी ते उत्तम. परंतु ते गोठ्याचे यंत्र नव्हे. तसेच ‘बॉबकॅट’ हेही एका कंपनीचे नाव असून, स्किड स्टिअर बनवणाऱ्या कंपन्या अनेक आहेत.

ट्रॅक्टर लोडर म्हणजे आपला नेहमीचाच ट्रॅक्टर. त्याच्या सांगाड्याला दोन बाजूंनी लोखंडी हात बसवून पुढे बकेट लावलेली असते. तेलाच्या दाबाने, म्हणजे हायड्रॉलिकने, ते हात वर-खाली होतात. आपला वाद आहे तो या ट्रॅक्टर लोडरमध्ये आणि स्किड स्टिअरमध्ये.

वळण्यातला फरक

या दोन यंत्रांतला मुळातला भेद वळण्याचा आहे. ट्रॅक्टरची पुढची चाके तिरपी होतात आणि ट्रॅक्टर त्या दिशेने जातो. मध्यम ट्रॅक्टरला लोडर बसवला, की त्याची लांबी सुमारे पाच मीटर भरते. वळताना त्याला तेवढीच ऐसपैस जागा लागते. नाहीतर पुढे-मागे, पुढे-मागे असे चार-पाच वेळा करावे लागते. प्रत्येक वेळी क्लच दाबावा लागतो, आणि दिवसभर हे काम केले तर क्लच लवकर झिजतो.

स्किड स्टिअरची चाके तिरपी होतच नाहीत. डावीकडची दोन चाके एकत्र आणि उजवीकडची दोन एकत्र चालतात. एक बाजू थांबवून दुसरी चालवली, किंवा दोन्ही एकमेकींच्या उलट फिरवल्या, की चाके जमिनीवर घासत-सरकत यंत्र वळते. ‘स्किड’ या शब्दाचा अर्थच मुळी घसरणे असा आहे. यामुळे हे यंत्र स्वतःच्या लांबीएवढ्या जागेत पूर्ण फिरते. दोन गव्हाणींमधल्या वाटेत, कोपऱ्यात, खांबामागे ते सहज जाते. साधारण यंत्राची रुंदी दीड ते पावणेदोन मीटर आणि उंची दोन मीटरच्या आसपास असते. अगदी लहान प्रकार तर तीन फूट रुंदीचेही मिळतात.

परंतु या गुणाची किंमत मोजावी लागते. जे चाक घासत वळते, ते झिजतेही. खडबडीत काँक्रीटवर स्किड स्टिअरचे टायर लवकर संपतात. मऊ जमिनीवर तर ते वळताना माती उकरून काढते. पावसाळ्यातल्या शेतात किंवा कुरणात नेले, तर वळणाच्या प्रत्येक ठिकाणी खड्डे पडतात. यावर उपाय म्हणून चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणारे यंत्र निघाले आहे. ते चिखलात चांगले चालते. मात्र ते अधिक महाग असते आणि पट्टे बदलण्याचा खर्चही मोठा असतो.

स्किड स्टिअर सामान्यतः ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वेगानेच चालते. दोन कोसांवरच्या दुसऱ्या रानात न्यायचे असेल, तर ट्रॉलीवर चढवून न्यावे लागते. त्याला मागे ट्रॅक्टरसारखा नांगर, पेरणी यंत्र किंवा मळणी यंत्र जोडता येत नाही. निरनिराळी अवजारे पुढे लावता येतात खरी, परंतु ती त्याच्या तेलाच्या दाबावर चालतात आणि वेगळी विकत घ्यावी लागतात.

ट्रॅक्टरचा गुण आणि त्याची खोड

ट्रॅक्टरचा मोठा गुण म्हणजे तो बारमाही आहे. नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, फवारणी, ऊस वा धान्याची वाहतूक ही सर्व कामे तो करतो. त्याच्यावर खर्च केलेला पैसा वर्षातून अनेकदा कामी येतो. लोडरचे हात बसवण्यास येणारा खर्च ट्रॅक्टरच्या किमतीच्या मानाने लहान असतो. उलट नवे स्किड स्टिअर आपल्या देशात पुष्कळदा एका मध्यम ट्रॅक्टरहून महाग पडते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार भारतातील शेतजमिनीचे सरासरी धारण १.०८ हेक्टर होते. एवढ्या लहान शेतावर एकाच कामाचे यंत्र पोसणे सोपे नाही, हे उघड आहे.

पण ट्रॅक्टरचीही एक खोड आहे, आणि ती विकणारा नेहमीच सांगतो असे नाही. ट्रॅक्टरची बांधणी मागून ओढण्यासाठी झालेली आहे, पुढून उचलण्यासाठी नव्हे. त्याचे बहुतेक वजन मागच्या मोठ्या चाकांवर असते. आपल्याकडचे बहुसंख्य ट्रॅक्टर दोन चाकांनी चालणारे असून, त्यांचा पुढचा कणा हलकाच असतो. पुढे बकेट भरली, की पुढचा कणा तराजूच्या मधल्या काट्यासारखा होतो. पुढे ओझे वाढते आणि मागची चाके हलकी होतात. ज्या चाकांनी ट्रॅक्टर चालतो आणि ज्या चाकांना ब्रेक असतात, तीच जमिनीवरची पकड सोडू लागतात. यावर उपाय एकच: मागे पुरेसे वजन बांधणे. मागच्या तीन सांध्यांना काँक्रीटचा ठोकळा किंवा वजनाची पेटी लावावी. मागच्या टायरांत पाणी भरल्यानेही साहाय्य होते. मागे वजन न लावता लोडर चालवणे म्हणजे एका पायावर उभे राहून पोते उचलण्यासारखे आहे. ज्यांना लोडरचे काम नेहमी करायचे आहे, त्यांनी चारही चाकांनी चालणारा ट्रॅक्टर घेणे बरे.

आणखी एक अडचण अशी, की ती पुष्कळांच्या ध्यानात यंत्र घरी आल्यावरच येते. ट्रॅक्टर एक आणि कामे दोन. लोडरने खत भरायचे कशात? ट्रॉलीत. ती ट्रॉली ओढायची कोणी? त्याच ट्रॅक्टरने. म्हणजे ट्रॉली सोडा, मागे वजन लावा, ट्रॉली भरा, वजन काढा, ट्रॉली पुन्हा जोडा, रानात नेऊन रिकामी करा, आणि परत या. एका खेपेला हे चालून जाते. वीस खेपांना माणूस कंटाळतो, आणि कंटाळला की प्रथम तो मागचे वजन लावणे सोडतो. अशा वेळी शेजाऱ्याचा दुसरा ट्रॅक्टर दिवसभर मागून घ्यावा, नाहीतर भाड्याने आणावा.

कागदावरचा आकडा कसा वाचावा

दुकानदार जो छापील कागद देतो, त्यावर उचलण्याची क्षमता मोठ्या अक्षरांत असते. हा आकडा वाचण्याची रीत दोन्ही यंत्रांची वेगळी आहे.

स्किड स्टिअरला पुढे इतके ओझे लावले, की ते पुढच्या चाकांवर कलंडू लागते, त्या ओझ्याला कलंडण्याचे ओझे म्हणतात. चाकांच्या स्किड स्टिअरची ठरवलेली कार्यक्षमता सामान्यतः याच्या निम्मी धरतात. म्हणजे १४०० किलोला कलंडणाऱ्या यंत्रावर ७०० किलोच उचलावेत. पट्ट्यांच्या यंत्राला सामान्यतः शेकडा ३५ हे प्रमाण लावतात. दोन यंत्रांची तुलना करताना एकाचा कलंडण्याचा आकडा आणि दुसऱ्याचा कार्याचा आकडा असा घोळ होऊ देऊ नये.

ट्रॅक्टर लोडरच्या कागदावर क्षमता पुष्कळदा बकेटच्या खिळीपाशी मोजलेली असते. पण ओझे खिळीवर बसत नाही. ते तिच्या पुढे बकेटमध्ये असते. म्हणून प्रत्यक्षात उचलले जाणारे वजन त्या आकड्याहून कमी भरते, आणि हात पूर्ण वर गेल्यावर ते आणखी कमी होते. शिवाय त्या आकड्यातून बकेटचे स्वतःचे वजनही वजा करावे लागते.

आता ओझ्याचा विचार करा. ताज्या ओल्या शेणाचे एक घनमीटर सुमारे एक टन भरते. ओली वाळू त्याच्या जवळजवळ दुप्पट जड असते. ०.४ घनमीटरची बकेट शेणाने भरली, तर सुमारे ४०० किलो होतात. तीच ओल्या वाळूने भरली, तर ८०० किलोंकडे जाते. जे यंत्र शेणाला पुरेसे आहे, तेच वाळूला अपुरे पडून कलंडू शकते. बकेट तीच, चालवणारा तोच. ओझे मात्र बदललेले. अपघात येथूनच सुरू होतात.

आपल्या गोठ्याचा हिशोब

आता वडिलांनी आणि मुलाने कागद-पेन्सिल घेऊन बसावे. देशी गाय दिवसाला सुमारे १० किलो शेण देते. म्हैस किंवा संकरित गाय १५ किलो वा त्याहून अधिक. हा अंदाज हिशोबाला पुरेसा आहे.

दहा जनावरांचा गोठा असेल, तर रोजचे शेण १०० ते १५० किलो होते. हातगाडीच्या दोन-तीन खेपा झाल्या, की काम संपले. येथे स्किड स्टिअरही नको आणि लोडरही नको. चांगली हातगाडी, सरळ उताराची फरशी आणि उकिरड्यापर्यंत पक्की वाट एवढे पुरे. दहा जनावरांसाठी लाखो रुपयांचे यंत्र आणणाऱ्या घरात शेण यंत्र उचलते, आणि कर्ज मात्र माणसांना उचलावे लागते.

मात्र त्याच घरचे वर्षाचे ताजे शेण ४० टनांवर जाते. ते कुजून कमी झाले, तरी उकिरडा रिकामा करण्याचे काम मोठेच राहते. हे काम उघड्यावरचे, वर्षातून एक-दोनदाच येणारे आहे. त्यासाठी ट्रॅक्टर लोडर दिवसाच्या भाड्याने आणावा. शेतीची अवजारे भाड्याने देणारी केंद्रे आता अनेक राज्यांत आहेत. कर्नाटकात ती ‘कृषी यंत्रधारे’ या नावाने चालतात.

तीस-चाळीस जनावरे आणि दहा-पंधरा एकर जमीन असेल, तर ट्रॅक्टर बहुधा घरी असतोच. तेथे वडिलांचे म्हणणे खरे ठरण्याचा संभव अधिक. पण एक अट आहे: ट्रॅक्टर गोठ्यात शिरला आणि वळला पाहिजे. आत जागा नसेल, तर शेण आतून हाताने किंवा खरवडण्याच्या फावड्याने दाराशी ओढावे आणि तेथून लोडरने उचलावे. नवा गोठा बांधायचा असेल, तर बांधण्यापूर्वीच मधली वाट ट्रॅक्टरच्या मापाची ठेवावी. एक खांब दोन हात बाजूला घेतल्याने वेगळे यंत्र घेण्याचा खर्च वाचू शकतो.

शंभर जनावरांच्या गोठ्यात रोजचे शेण एक ते दीड टन होते. ०.३ घनमीटरच्या बकेटने त्याच्या चार-पाच खेपा होतात. आकडा ऐकून आश्चर्य वाटेल, पण शंभर जनावरांतही केवळ शेणासाठी स्किड स्टिअर दिवसभर चालत नाही. त्याला मुरघास खड्ड्यातून काढून गव्हाणीपाशी टाकणे, पेंढ्याचे अंथरूण पसरणे, चाऱ्याच्या गाठी हलवणे, ट्रॉली भरणे अशी कामे दिली, तरच ते आपली किंमत फेडते. रोज, छपराखाली, अरुंद जागेत, आणि पक्क्या फरशीवर ही चार लक्षणे जेथे एकत्र येतात, तेथे मुलाचे म्हणणे खरे. तेथे ट्रॅक्टर शेतीच्या कामाला मोकळा राहतो, आणि ट्रॉली भरणारा व ओढणारा हे दोघे वेगळे होतात.

कुक्कुटपालनाच्या शेडला हेच लागू आहे. सगळे पक्षी विकले गेल्यावर खालची लिटर काढायची असते. छप्पर ठेंगणे आणि खांब जवळ-जवळ. मात्र हे काम दर तुकडीला एकदाच येते, म्हणून एकट्याने यंत्र घेण्यापेक्षा चार शेडवाल्यांनी मिळून घ्यावे किंवा भाड्याने आणावे.

जिवाची गोष्ट

आतापर्यंत पैशाचा विचार झाला. आता त्याहून मोठ्या गोष्टीकडे वळू.

स्किड स्टिअरमध्ये चालक समोरून, बकेटवरून चढून आत बसतो, आणि उचलणारे हात त्याच्या दोन्ही अंगांना असतात. याचा अर्थ असा, की हात वर असताना जो मनुष्य आत-बाहेर करतो, तो टांगलेल्या ओझ्याखालून जातो. पाय चुकून दांडीला लागला, की हात खाली येतात. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९९८ साली या यंत्रांविषयी खास इशारा प्रसिद्ध केला. माणसे बकेट आणि सांगाडा यांमध्ये, किंवा हात आणि सांगाडा यांमध्ये चिरडली जातात, अथवा यंत्र उलटून मरतात, असे त्यात दाखवून दिले होते. म्हणून नियम असा: उतरण्यापूर्वी बकेट जमिनीवर, इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला. हात वर ठेवूनच दुरुस्ती करायची असेल, तर यंत्राचा स्वतःचा लोखंडी आधार लावल्यावाचून त्याखाली कोणीही जाऊ नये. छातीपुढची दांडी आणि पट्टा यांवर यंत्राचे कुलूप असते. ते त्रासदायक वाटते म्हणून तार बांधून निकामी करणारे लोक आहेत. ती तार म्हणजे आपल्याच गळ्यातील दोर होय.

या यंत्रातून मागचे आणि बाजूचे नीट दिसत नाही, आणि ते एका क्षणात गिरकी घेते. लहान मुले गोठ्याच्या आसपास खेळतात. यंत्र सुरू होण्यापूर्वी मुले घरात असली पाहिजेत, हा नियम घरातल्या आईने करावा आणि चालवणाऱ्याने निमूटपणे पाळावा.

उतारावरची रीतही शिकून घ्यावी. रिकाम्या स्किड स्टिअरचे वजन मागे असते, भरलेल्याचे पुढे. जड बाजू नेहमी चढाकडे ठेवायची. म्हणून रिकामे यंत्र चढावर मागच्या बाजूने न्यावे आणि भरलेले पुढच्या बाजूने. आडवे कधीच नेऊ नये. बंद शेडमध्ये इंजिनच्या धुराने जनावरे आणि माणसे दोघेही गुदमरतात. म्हणून दारे-खिडक्या उघड्या ठेवूनच काम करावे.

ट्रॅक्टर लोडर निर्धोक आहे, असे मात्र कोणी समजू नये. बकेट उंच धरून वळण घेतले, की ट्रॅक्टर बाजूला उलटतो. ओझे नेताना ते जमिनीलगत असावे आणि केवळ टाकतानाच वर जावे. चाऱ्याची गोल गाठ साध्या बकेटवर ठेवून वर उचलली, तर ती हातांवरून गडगडत चालकाच्या अंगावर येऊ शकते. तिच्यासाठी भाल्यासारखा काटा किंवा पकड लावावी. चालकाच्या डोक्यावरची पोलादी कमान काढून टाकू नये. स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना अशी संरक्षक चौकट सक्तीची झाली आणि तेथे उलटण्याने होणारे मृत्यू पुष्कळ घटले. सावलीसाठी लावलेले पत्र्याचे छप्पर म्हणजे ही कमान नव्हे.

आणि दोन्ही यंत्रांना समान असलेला नियम: बकेटमध्ये माणूस चढवू नये. नारळ उतरवायचे असोत, छपराचा पत्रा बसवायचा असो की दिव्याचा बल्ब बदलायचा असो, बकेट ही शिडी नव्हे.

घेण्यापूर्वी

निर्णय जवळ आला, की पुढील गोष्टी कराव्यात. गोठ्याचे दार, दोन खांबांमधले अंतर, गव्हाणींमधली वाट आणि छपराची सर्वांत ठेंगणी तुळई फितीने मोजावी व लिहून ठेवावी. ट्रॉलीच्या कडेची उंची मोजावी. बकेट तिच्यावर रिकामी झाली पाहिजे. वर्षात किती दिवस आणि दिवसात किती तास यंत्र चालेल, ते आठवणीने नव्हे तर महिनाभर वहीत टिपून पाहावे. विकणाऱ्याला यंत्र आपल्याच गोठ्यात आणून दाखवण्यास सांगावे. मोकळ्या मैदानावर प्रत्येक यंत्र चांगले वळते. दुरुस्ती करणारा किती अंतरावर आहे आणि सुटे भाग किती दिवसांत येतात, हेही विचारावे. गाईला रविवार नसतो. यंत्र चार दिवस बंद पडले, तर शेण थांबत नाही.

जुने यंत्र घ्यायचे झाल्यास रंगाला भुलू नये. स्किड स्टिअरचे हात उचलून हलवून पाहावेत. खिळी ढिल्या असतील तर आवाज येतो. चाकांना फिरवणाऱ्या साखळ्यांच्या पेटीतून तेल गळते का, चारही टायर सारखे झिजले आहेत का, सुरक्षेचे कुलूप चालू आहे का, हे तपासावे. ट्रॅक्टर लोडर असेल, तर पुढचा कणा, सांगाड्यावरील वेल्डिंगच्या भेगा आणि क्लच नीट पाहावा. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याला त्याची मजुरी द्यावी; ती सर्वांत स्वस्तात मिळालेली सल्ला-मसलत ठरेल.

आता पुन्हा त्या जेवणाच्या पाटाकडे येऊ. वडील आणि मुलगा यांपैकी कोण जिंकला? हिशोब झाल्यावर कदाचित दोघांनाही असे आढळेल, की यंदा यंत्र नकोच. एक खांब हलवावा, फरशीला उतार द्यावा आणि उकिरड्याच्या दिवशी लोडर भाड्याने आणावा. कदाचित ट्रॅक्टरच पुरेल. आणि जनावरे वाढत जाऊन काम खरोखरच छपराखालचे व रोजचे झाले असेल, तर वडिलांनी मोकळ्या मनाने मुलाच्या हाती किल्ली द्यावी. प्रत्येक घराचे उत्तर वेगळे येईल. पण ते उत्तर दुकानाच्या काचेआडून किंवा शेजाऱ्याच्या अंगणावरून येऊ नये. आपल्या गोठ्यातून यावे. तेव्हा उद्या सकाळी धारा काढून झाल्या, की फितीचे एक टोक वडिलांनी धरावे आणि दुसरे मुलाने.